पारण्याचा घास

अकोटला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत जाऊन वच्छलाबाईंचं घर विचारलं, तर सांगणारा आधी खात्री करून घेतो, "उपासवाल्या बाई ना?" सोमवार, गुरुवार, चतुर्थी, महिन्याच्या दोन एकादश्या; श्रावणात तर त्या जेवतात कोणत्या दिवशी, तेच लक्षात ठेवणं सोपं. वय चौपन्न, अंगकाठी बारीक, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि भजनात आवाज सगळ्यांच्या वर. वर्षातून एकदा गुरुकुंज मोझरीला जाऊन येतात. यजमान सहदेवराव कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतात. दिवसभर गाड्यांचा आणि हमालांचा गलका ऐकून घरी आलं की त्यांना बोलण्याचा कंटाळा येतो. मूलबाळ नाही. दोन वेळा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा हाती काही आलं नाही. त्यानंतर वच्छलाबाई देवाशी भांडल्या नाहीत. त्यांनी उपास वाढवले.

अशा बाईच्या मनात मत्सर असेल असं कोणी म्हणणार नाही. पण होता. तो गावभर वाटलेला नव्हता, एकाच माणसासाठी राखून ठेवला होता, म्हणून चांगला जोमदार होता.

ते माणूस म्हणजे धाकटी जाऊ रागिणी. दीर किशोरची बायको. राहायला अमरावतीला, नोकरी चांदूर बाजारच्या शाळेत. तिची स्कूटी, तिला येताजाता "मॅडम" म्हणणारे लोक, इस्त्रीची साडी, हे सगळं वच्छलाबाईंनी केव्हाच माफ केलं होतं. माफ होत नव्हती ती एकच गोष्ट, ती म्हणजे रागिणीची मुलगी मुक्ता.

मुक्ता आठ महिन्यांची असताना रागिणीला नोकरीची ऑर्डर आली. रोज अमरावतीहून चांदूर बाजारला जायचं, संध्याकाळी परत. पोर ठेवायचं कोणाकडे? किशोर आणि रागिणी दोन दिवस यावर घुसमटत होते, तेव्हा वच्छलाबाईच म्हणाल्या की माझ्याकडे आणून द्या. त्या दिवसापासून पुढची पावणेचार वर्षं मुक्ता अकोटला वाढली. रागिणी दर शनिवारी दुपारच्या एसटीने यायची आणि रविवारी संध्याकाळी जायची. पोरगी बोलायला लागली तेव्हा वच्छलाबाईंना "आई" म्हणायची आणि रागिणीला "शनवारची आई". चारचौघांत वच्छलाबाई तिला दटावायच्या, असं म्हणू नये, ती तुझी खरी आई, मी मोठीआई. दोघीच घरात असल्या की मात्र दटावायच्या नाहीत.

मुक्ताला पुरते दात यायच्या आधीपासून त्या तिला ज्वारीची भाकर वरणात भिजवून, स्वतःच्या तोंडात चावून, मऊ लगदा करून बोटाने भरवायच्या. त्यांच्या आईने त्यांना असंच भरवलं होतं, आजीने आईला. त्या लगद्यासाठी मुक्ता पाखरासारखी तोंड उघडायची. रागिणीने एकदा ते पाहिलं. चमच्याने कुस्करून दिलं तर चालणार नाही का, असं तिने हळूच विचारलं. वच्छलाबाईंनी विचारलं, "चमच्याले माया असते का वं?" रागिणीने पिशवी उचलली. तिला बस गाठायची होती.

पुढे शाळेचं वय झालं आणि किशोर येऊन मुक्ताला घेऊन गेला. घर इतकं रिकामं झालं की वच्छलाबाईंनी त्या महिन्यात नेहमीपेक्षा तीन उपास जास्त केले. मग सुट्ट्या राहिल्या, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या. मुक्ता सुट्टीत असताना एकादशी आली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नैवेद्य दाखवून वच्छलाबाई पारण्याचा पहिला घास तोंडात घ्यायच्या, अर्धा खायच्या आणि उरलेला अर्धा मुक्ताच्या तोंडात घालायच्या. उपासाचं पुण्य पोरीला लागावं म्हणून. मुक्ता सातवीत गेली तरी हे चालू होतं. बाकी तिचं सगळं आता रागिणीचं होतं, शाळा, वेणी, आजारपण, वाढदिवसाचा केक. हा अर्धा घास तेवढा अकोटचा होता.

आता वच्छलाबाईंच्या पोटाविषयी सांगायला हवं, कारण गोष्ट तिथेच आहे. पंधरा वर्षांपासून त्यांच्या बेंबीच्या वर, बरगड्यांच्या मधोमध, आग पडायची. उपाशीपोटी जास्त, खाल्लं की जरा निवायची. आधी थंड दूध, मग ओवा, मग मेडिकलमधून पित्ताची गोळी. गेली आठ-नऊ वर्षं रोज सकाळी चहाच्या आधी एक गोळी ठरलेली. गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्याखाली वातींच्या डब्यात असायचं. सहदेवरावांनाही ठाऊक नव्हतं. देवासाठी उपास करायचा आणि उपासाने पडणाऱ्या आगीवर गोळी खायची, हे भजनी मंडळात कळलं असतं तर काय राहिलं असतं? ज्येष्ठातल्या निर्जला एकादशीला पाणीसुद्धा वर्ज्य. त्या दिवशी वच्छलाबाई गोळी पळीभर तीर्थाबरोबर घ्यायच्या. तीर्थ म्हणजे काही पाणी नव्हे. ती आग त्यांना आपल्या तपाचा भाग वाटायला लागली होती. दुखायची, पण आपली होती.

यंदा होळी झाल्यावर किशोरचा फोन आला की मुक्ताचं पोट सारखं दुखतं आहे, चेहरा पांढरा पडला आहे, रक्त आठवर आलं आहे. लोहाचं औषध तीन महिने दिलं तरी रक्त वाढत नव्हतं, म्हणून रागिणीने तिला पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. फोन ठेवल्यावर वच्छलाबाईंना काळजी वाटली हे खरं. पण काळजीच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आलं. आपल्याकडे होती तोवर पोरगी कशी गुटगुटीत होती, आणि तिकडे गेल्यावर काय झालं, असं त्यांनी सहदेवरावांना दोनदा ऐकवलं. नूडल्स, राजापेठेतली पाणीपुरी, सकाळी सहाला करून दुपारी खायचा डबा. सहदेवराव म्हणाले, "पोट्टी बिमार हाय, तू भांडण काहून उकरून राहिली?"

देवाचा अंगारा घेऊन वच्छलाबाई अंजनगावावरून जाणाऱ्या बसने अमरावतीला गेल्या. दवाखान्यात पोचल्या तेव्हा मुक्ताची दुर्बिणीने तपासणी होऊन गेली होती आणि ती गुंगीत रागिणीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. रागिणी तिच्या केसांतून हात फिरवत होती. मुक्ताने डोळे न उघडताच "आई, पाणी" म्हटलं, आणि पाणी कोण देणार याबद्दल त्या खोलीत कोणालाच शंका नव्हती. वच्छलाबाई अंगाऱ्याची पुडी हातात धरून दारात उभ्या राहिल्या. पोटातली नेहमीची आग त्या क्षणी गळ्यापर्यंत आली.

डॉक्टर होत्या प्रियदर्शनी तायडे. दर्यापूरकडच्या, चाळिशीच्या आत-बाहेर, पेशंटशी घरच्यासारखं वऱ्हाडीत बोलायच्या. त्यांनी सगळ्यांना बसवून समजावलं. मुक्ताच्या जठराला सूज होती आणि एक लहान जखम होती. ती केली होती हेलिकोबॅक्टर नावाच्या जंतूने. पोटातल्या आम्लात बाकीचे जंतू मरतात, हा मात्र तिथेच अस्तराला चिकटून वर्षानुवर्षं राहतो. आपल्याकडे निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात तो असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. काहींना मात्र अल्सर होतो, रक्त जातं, लोह अंगी लागत नाही, आणि फार थोड्यांच्या बाबतीत, फार वर्षांनी, गोष्ट कॅन्सरपर्यंत जाते. चौदा दिवस दोन प्रकारची अँटिबायोटिकं आणि आम्ल कमी करणारी गोळी नेमाने घेतली की सहसा तो जातो. तिखटाने अल्सर होतो, उपासाने होतो, हा आपला समज आहे, असंही त्या ओघात म्हणाल्या. वच्छलाबाईंना हे बोलणं आवडलं नाही. कालची पोर त्यांच्या पंधरा वर्षांच्या आगीला जंतू म्हणून मोकळी झाली होती.

मग डॉक्टर म्हणाल्या की हा जंतू बहुतेक लहानपणी, घरच्याच माणसांकडून येतो. मुक्ता लहान असताना कोणाचं उष्टं खायची का, कोणी चावून वगैरे भरवलं होतं का?

वच्छलाबाई रागिणीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आता बोलेल, आता बोलेल. बारा वर्षांपूर्वीचा चमचा आता बाहेर काढेल. रागिणी म्हणाली की सगळ्या घरांत चालतं तेवढं एकमेकांच्या ताटातलं चालायचंच, आणि तिने विषय बदलला. दोष दिला असता तर वच्छलाबाईंना भांडता आलं असतं. तिने तो दिला नाही, आणि हे मोठेपण त्यांना दोषापेक्षा जास्त झोंबलं.

ज्यांना पोटाचा त्रास आहे त्यांनीच तपासून घ्यायचं, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. पण रागिणीने हट्ट धरला की मुक्ताबरोबर जेवणारी चारही मोठी माणसं तपासायची. सहदेवरावांनी फोनवरच, नंतर सवडीने करतो म्हणून सांगितलं. वच्छलाबाईंना नाही म्हणता येईना. नाही म्हटलं असतं तर त्याचा अर्थ निघाला असता.

तपासणी फुंकरीची होती. उपाशीपोटी यायचं, एका पिशवीत फुंकर मारायची, मग औषधाचं पाणी प्यायचं, अर्धा तास बसायचं आणि दुसऱ्या पिशवीत फुंकर मारायची. उपाशीपोटी म्हटल्यावर किशोरचा चेहरा पडला आणि वच्छलाबाईंचा खुलला. तिथल्या नर्सने हातात कागद घेऊन एकेकाला विचारलं की पंधरा-वीस दिवसांत अँटिबायोटिक घेतलं का, पित्ताची गोळी चालू आहे का. वच्छलाबाईंची पाळी आली तेव्हा रागिणी शेजारीच बसली होती.

"मी काहीच घेत नाही जी," वच्छलाबाई म्हणाल्या. "मले काही तरास नाही."

सकाळीच किशोरच्या बाथरूममध्ये त्यांनी गोळी घेतली होती.

त्या अर्ध्या तासात वच्छलाबाई बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. नर्सला वाटलं बाई नामस्मरण करतात. करतच होत्या, पण नामाच्या मध्येमध्ये एक मागणं येत होतं, ते त्यांनी दोनदा परतवलं आणि तिसऱ्यांदा येऊ दिलं. रागिणीच्या पोटात निघावं. तिच्याकडूनच पोरीला गेलेलं असावं. देवाकडे त्यांनी आजवर कोणाचं वाईट मागितलं नव्हतं. मागून झाल्यावर त्यांना स्वतःचीच भीती वाटली, आणि तरीही कान रिपोर्टकडे लागले होते.

रागिणीचा रिपोर्ट कोरा आला, जंतू नाही. किशोरचा कोरा. वच्छलाबाईंचाही कोरा. डॉक्टर म्हणाल्या, होतं असं कधी कधी, कुठून आला ते सापडत नाही, पाण्यातूनही येत असेल. वच्छलाबाई रिपोर्ट पदराखाली धरून अकोटला आल्या. येताना बसमध्ये त्यांना आनंद होत होता आणि त्यात कुठेतरी खडा लागत होता. रागिणी सुटली, हा तो खडा.

मुक्ताने चौदा दिवस औषधं घेतली. तोंड कडू पडायचं, जिभेवर तांब्याच्या भांड्याची चव यायची, ती रोज फोनवर मोठीआईला सांगायची. नंतर महिन्याभराने तपासणी झाली, जंतू गेला होता. रक्त वाढायला लागलं. मेच्या शेवटी किशोर तिला उरलेल्या सुट्टीसाठी अकोटला सोडून गेला. रागिणीने फोनवर सांगितलं की ताई, तुमचा रिपोर्ट कोरा आहे म्हणून मी निर्धास्त पाठवते आहे. वच्छलाबाई म्हणाल्या की माझ्याकडे पाठवताना तुला कागद लागतो का?

मुक्ताच्या गालावर लाली आली होती. आठ दिवस वच्छलाबाईंचं घर पुन्हा घर झालं. मग निर्जला एकादशी आली. बाहेर ऊन असं की गल्लीतलं कुत्रं नाल्यातून उठेना. वच्छलाबाईंनी पहाटे पळीभर तीर्थाबरोबर गोळी घेतली आणि दिवसभर घोटभर पाणी घेतलं नाही. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेहून आल्यावर त्या ओट्यावर टेकल्या आणि मुक्ता त्यांचे पाय चेपत बसली.

ज्या आजारातून माणूस बरं होतं त्याची त्याला थोडी ऐट येते. मुक्ता आपल्या जंतूविषयी शिक्षकासारखी बोलायची. त्याला शेपट्या असतात, तो स्क्रूसारखा पिळदार असतो, आम्लात जगण्यासाठी स्वतःभोवती सोडा तयार करतो. हे सगळं ऐकून वच्छलाबाई हं हं करत होत्या.

"अन् मोठीआई, शेवटच्या तपासणीच्या आधी मले पंधरा दिवस पित्ताची गोळी बंद केली होती. लय पोट दुखलं."

"काहून बंद केली?"

"गोळी चालू असली का तो जंतू दडून बसते. असून सापडतच नाही. रिपोर्ट खोटाच कोरा येते. म्हणून तर नर्स मावशी सगळ्याले विचारते, गोळी चालू हाय का म्हणून."

वच्छलाबाईंनी पाय आखडून घेतले. मुक्ताला वाटलं गुदगुल्या झाल्या.

द्वादशीला पहाटे त्या रोजच्यासारख्या उठल्या, आंघोळ केली, स्वयंपाकाला लागल्या. वरण, भात, गवारीची भाजी, पोळी, शेवयांची खीर. हात सवयीने चालले होते आणि डोकं एकाच जागी फिरत होतं. कागदावर तर कोरं लिहिलं आहे. डॉक्टरच्या सहीचा कागद आहे. मी काही डॉक्टर नाही. आणि इतकी वर्षं खाल्ला तिने हा घास, आता एका घासाने काय होतं? शिवाय सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? गोळी खाते हे सांगायचं, खोटं बोलले हे सांगायचं, आणि मग चावून भरवल्याचं आपोआप सांगितलं जाणार. ते ऐकायला रागिणी. ज्या पोरीला आपण वाढवलं असं बारा वर्षं मिरवलं, तिला आपणच हे दिलं, हे त्या रागिणीला आपल्याच तोंडाने सांगायचं. त्यानंतर ती पोरीला या घराची पायरी कशाला चढू देईल? आणि आपण तिच्या जागी असतो तर दिली असती का चढू?

नैवेद्य दाखवला. ताट घेतलं. सहदेवराव कामावर निघायच्या घाईत दुसऱ्या पाटावर बसले होते. मुक्ता आंघोळ करून ओल्या केसांनी येऊन समोर बसली आणि सवयीने वाट बघू लागली. वच्छलाबाईंनी पोळीचा तुकडा खिरीत बुडवला, तोंडात घेतला, अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा बोटांत होता. मुक्ताने तोंड पुढे केलं. बारा वर्षांची मुलगी, पण त्या घासापुरती ती अजून तशीच तोंड उघडायची.

वच्छलाबाईंचा हात निघाला आणि मध्येच थांबला. आणि मग त्यांनी तो तुकडा स्वतःच्या तोंडात कोंबला.

मुक्ता आधी हसली. मोठीआई हसत नाही हे बघून तिचा चेहरा उतरला. आपलं काय चुकलं, असं तिने विचारलं.

"तुहं नाही चुकलं," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुह्या मायले फोन लाव."

फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं की मी पित्ताची गोळी खाते, आठ-नऊ वर्षं झाली, त्या दिवशीही खाल्ली होती, रिपोर्ट खरा नाही, तू ये आणि पोरीला घेऊन जा. सहदेवराव घास हातात धरून ऐकत होते. बसमध्ये बसते, एवढं म्हणून रागिणीने फोन ठेवला. सहदेवराव त्या दिवशी काट्यावर उशिरा गेले. जाताना ते म्हणाले, "आठ वर्षं? अन् मी काय घरात नव्हतो?" वच्छलाबाईंना ते पुष्कळ लागलं.

दुपारपर्यंत वच्छलाबाईंनी मुक्ताची पिशवी भरून ठेवली. एकेक फ्रॉक घडी करताना हुंगला. रागिणी आली तेव्हा उन्हाने लाल झाली होती. ती पाणी प्यायली, मुक्ताला शेजारच्या घरी पाठवलं आणि पिशवीकडे बघून विचारलं की हे काय?

"तू नेशीनच ना. म्हणून भरून ठेवली."

"तुमी चावून भरवत होत्या ते मले माहीत होतं ताई. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं होतं. डॉक्टरबाईंनी इचारलं तवा जिभेवर आलं होतं."

"मंग बोलली काहून नाही? मी तर वाटच पाहून राहिली होती."

रागिणी पदराने मान पुसत राहिली. मग बोलली ते शांतपणे, वर्गात बोलतात तसं. "बोलली असती तर तुमी म्हटलं असतं, तू कुठं होती तवा? अन् मी होतीच कुठं? दर रविवारी बसमदी बसली का अंजनगाव येईपर्यंत रडत जाओ. पोरगी मले शनवारची आई म्हणे. तुमी तिले दटावत, अन् मले दिसे का तुमाले ते गोड लागून राहिलं. लय राग होता मले तुमचा. अजून हाय. पण तुमी तिले जगवली नसती तर माही नोकरी नसती. मंग कोणत्या तोंडानं बोलू?"

हे ऐकून वच्छलाबाईंना वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी, अगदी एका क्षणापुरता, गार वाऱ्याची झुळूक यावी तसा आनंद झाला. म्हणजे हिलाही जळत होतं. इतकी वर्षं आपण एकट्याच जळत नव्हतो. दवाखान्यातल्या बाकावर देवाकडे काय मागितलं होतं, ते मात्र त्यांनी रागिणीला सांगितलं नाही. ते देवाने ऐकलं होतं, आणखी कोणी ऐकायची गरज नव्हती.

रागिणीने पिशवी रिकामी केली. शाळा सुरू होईपर्यंत मुक्ता इथेच राहील, ती म्हणाली, फक्त ताट वेगळं आणि उष्टं बंद. आणि तुमची गोळी आजपासून बंद. पंधरा दिवसांनी खरी तपासणी करू.

ते पंधरा दिवस वच्छलाबाईंना आजवरच्या सगळ्या उपासांहून कठीण गेले. गोळी नाही म्हटल्यावर आग अशी उसळली की त्या दुपारी फरशीवर पालथ्या पडून राहायच्या. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं की पोट रिकामं ठेवू नका. तेव्हा गुरुवारच्या भजनात वच्छलाबाईंनी स्वतःच सांगून टाकलं की माझा उपास सध्या बंद आहे, पोटात जखम असेल असं डॉक्टर म्हणतात, आणि मी कित्येक वर्षं चोरून गोळी खात होते. टाळ थांबले. मंडळातल्या माणिकबाईंनी देवाकडे बघून हात जोडले, ते वच्छलाबाईंसाठी की त्यांच्या वतीने माफी म्हणून, ते कळलं नाही. पण भजन संपल्यावर तिघी जणी एकेकट्या, चप्पल शोधायच्या निमित्ताने जवळ आल्या आणि हळू आवाजात तेच विचारून गेल्या: गोळी कोणती, किती वर्षं, आणि अमरावतीच्या त्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना नेमका कुठे?

दुसऱ्या वेळी पिशवीत फुंकर मारली ती खरी. जंतू निघाला. दुर्बिणीतून पाहिलं तर जुन्या अल्सरचा वण आणि एक ताजी जखम. जखमेच्या कडेचा तुकडा तपासायला गेला, त्याचा निकाल येईपर्यंतचे आठ दिवस सहदेवराव रोज जेवताना समोर बसून राहिले. कॅन्सर नव्हता. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं की चौदाच्या चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, एकही वेळ चुकवायची नाही. अर्धवट सोडलं तर जंतू औषधाला निर्ढावतो. मुक्ताला कोणाकडून आला हे मात्र आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही, असंही त्या म्हणाल्या. वच्छलाबाईंनी मान हलवली. त्यांना सांगता येत होतं.

त्या चौदा दिवसांत आषाढी एकादशी आली.

शाळा सुरू झाल्याने मुक्ता अमरावतीला गेली होती. सकाळी साडेसातला तिचा फोन आला, चेहरा दिसणारा. तिने फर्मावलं की मोठीआई, माझ्यासमोर जेव. वच्छलाबाईंनी देवाला नमस्कार केला, भाकर-वरण वाढून घेतलं आणि वयाच्या नवव्या वर्षानंतर पहिल्यांदा आषाढीला धान्य तोंडात घातलं. पलीकडे मुक्ता दात घासत, एक डोळा फोनवर ठेवून बघत होती, आणि तिच्या मागे उभी राहून रागिणी तिची वेणी घालत होती. दोघींची तोंडं एका चौकटीत, एकसारखी. वच्छलाबाईंना ते ओळखीचं काहीतरी आत टोचलं. त्यांनी दुसरा घास घेतला.

मुक्ता चूळ भरायला गेली तेव्हा रागिणीने फोन हातात घेतला. "ताई, खाल्लं ना खरंच? आता खोटं चालणार नाही."

"खाल्लं वं. इचार तुह्या पोरीले, तिनं पाह्यलं."

रागिणी म्हणाली, "हो. इचारीन तिले." आणि तिचा आवाज थोडा बदलला होता.

फोन ठेवल्यावर वच्छलाबाई ताटासमोर बसून राहिल्या. बारा वर्षांत त्यांनी "आपली मुक्ता" म्हटलं होतं, "माही पोरगी" म्हटलं होतं, रागाच्या भरात "तुमची लाडाची" म्हटलं होतं. "तुही पोरगी" आज पहिल्यांदा म्हटलं होतं. ते शब्द परत घ्यावेत असं त्यांना वाटलं, अगदी मनापासून वाटलं. फोन तिथेच होता, लावता आला असता.

सहदेवरावांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि गोळ्यांची वेळ झाल्याची आठवण करून दिली. वच्छलाबाईंनी गोळ्या तळहातावर घेतल्या, तोंड वाकडं केलं आणि एकेक करून गिळल्या.